कुटुंब न्यायालयाच्या निकालावर अपिलाची मुदत उलटली? ठाणे-नवी मुंबईकरांनी आता काय काय करायचं

निकाल विरोधात गेला आणि अपिलाची मुदतही निघून गेली, की ओळखीपाळखीतून दोन सल्ले हमखास येतात. पहिला, "आता काही होत नाही, सोडून दे." दुसरा, "हायकोर्टात उशीर माफ होतोच, घाई कशाला?" पहिल्या सल्ल्याने माणूस हातपाय गाळतो. दुसऱ्याने आणखी दोन महिने घालवतो, आणि पुढे नेमके तेच दोन महिने न्यायालयाला समजावून सांगता येत नाहीत.

माझं अपील मुदतीनंतर दाखल झालं आणि विलंब माफ झाला. निकाल लागला त्या काळात बाबा आयसीयूत होते आणि घरात धावपळ करणारी मी एकटीच. मी वकील नाही. ठाण्याहून फोर्टमधल्या उच्च न्यायालयापर्यंतच्या या सगळ्या खटपटीत जे कळलं, ते क्रमाने मांडतेय. तुमच्या कागदांवर शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचाच.

१. हातातला आदेश नेमका कसला आहे?

उशीर झाला का, हा प्रश्न दुसरा. अपील होतं का आणि कुठे होतं, हा पहिला.

निकालाच्या पहिल्या पानावर वर न्यायालयाचं नाव असतं, ते बघा. "कुटुंब न्यायालय" असेल तर अपील थेट मुंबई उच्च न्यायालयात, आणि ते दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतं. "दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर" असेल तर अपील साधारणपणे जिल्हा न्यायालयात जातं. नवी मुंबईत इथे मोठा गोंधळ होतो. पत्त्यावर सगळेच "नवी मुंबई" लिहितात, पण वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात. शेजारणीचं अपील फोर्टला गेलं म्हणून तुमचंही तिथेच जाईल असं नाही.

आता आदेशाचा प्रकार:

• परस्पर संमतीने घटस्फोट झाला असेल तर कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९(२) प्रमाणे अपीलच नाही. संमती फसवून किंवा दबावाने घेतली असं म्हणणं असेल, तर तो रस्ता वेगळा. वकिलाशी त्याच मुद्द्यावर बोला.

• दावा चालू असताना दिलेला अंतरिम आदेश, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालची तात्पुरती पोटगी वगैरे, यावर कलम १९ खाली अपील होत नाही. लोक उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. तिला दिवसांची ठरलेली मुदत नाही, पण उशीर का केला हे तिथेही विचारतात.

• फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची पोटगी (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) असेल तर अपील नाही, पुनरीक्षण अर्ज. लोक त्याला "रिव्हिजन" म्हणतात. मुदत ९० दिवस.

• कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला असेल तर अपील सत्र न्यायालयात, आदेश बजावल्यापासून ३० दिवसांत. याचा उच्च न्यायालयाशी या टप्प्यावर संबंध नाही.

• निकाल एकतर्फी असेल, म्हणजे तुम्ही हजरच नव्हता आणि दावा पुढे निघून गेला, तर अपिलाआधी दुसरा पर्याय तपासा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली, ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथेच तो रद्द करून मागता येतो. मुदत निकालापासून ३० दिवस. समन्स नीट बजावलंच नसेल, तर निकालाची माहिती झाल्यापासून ३० दिवस. समन्स जुन्या भाड्याच्या घरी गेलं आणि तुम्ही वर्षापूर्वीच घोडबंदरला राहायला आलात, अशा प्रकरणांत हा मार्ग जवळचा. मात्र एकतर्फी निकालावर आधी अपील केलं आणि ते तुम्ही मागे न घेता दुसऱ्या कुठल्याही कारणाने निकाली निघालं, तर हे दार बंद होतं. म्हणून क्रम ठरवल्याशिवाय काही दाखल करू नका. एकतर्फी पोटगीचा आदेश असेल तर तो रद्द करून घ्यायला तीन महिने आहेत.

२. मुदत खरंच उलटली का, ते मोजा

कितीतरी लोक उशीर झाला नसतानाच घाबरून बसतात. काहींना वाटतं वेळ आहे, आणि ती संपलेली असते.

कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १९(३) सांगतं, ३० दिवस. हिंदू विवाह कायद्याचं कलम २८(४) सांगतं, ९० दिवस. पूर्वी तिथेही ३०च होते. एवढ्या मोठ्या देशात लांबून येणाऱ्या पक्षकाराला ते पुरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटलं आणि २००३ मध्ये कायदा बदलला. मग कुटुंब न्यायालयाने हिंदू विवाह कायद्याखाली दिलेल्या निकालाला ३० लावायचे की ९०? हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेला आणि उत्तर आलं: ९०. विशेष विवाह कायद्याच्या कलम ३९ मध्येही ९० दिवस आहेत. बाकी निकालांना, उदाहरणार्थ पालकत्व कायद्याखाली मुलाचा ताबा किंवा अन्य धर्मीयांच्या विवाहाचे दावे, ३० दिवसच धरून चाला. माझं मत विचाराल तर प्रत्येकाने मनात ३०च धरावेत. ९० हे पडत्या काळासाठी राखून ठेवावेत.

मोजणी अशी. निकालाचा दिवस धरायचा नाही. निकालाच्या नकलेसाठी, म्हणजे प्रमाणित प्रतीसाठी, अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस वजा होतात. हे मुदत कायदा, १९६३ च्या कलम १२ मध्ये आहे, आणि हिंदू विवाह कायद्याखालच्या अपिलांनाही ते लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

समजा निकाल ४ ऑगस्ट २०२५ ला लागला. ९० दिवस २ नोव्हेंबरला संपतात. नकलेचा अर्ज ११ ऑगस्टला केला, नक्कल २६ ऑगस्टला तयार झाली. दोन्ही दिवस धरून १६ दिवस झाले. म्हणजे शेवटची तारीख १८ नोव्हेंबर. अपील १५ डिसेंबरला दाखल केलंत तर विलंब २७ दिवसांचा. निकाल ३० दिवसांच्या गटातला असता, तर शेवटची तारीख १९ सप्टेंबर झाली असती.

यात तीन खड्डे आहेत.

नक्कल तयार झाली पण तुम्ही ती दहा दिवसांनी नेलीत, तर ते दहा दिवस तुमच्या खात्यावर. वजावट तयार झाल्याच्या तारखेपर्यंतच मिळते.

मुदत संपल्यावर नकलेचा अर्ज केला तर वजावट शून्य. आणि अर्ज करण्याआधी न्यायालयाला हुकूमनामा (डिक्री, म्हणजे निकालातल्या आदेशाचा औपचारिक कागद) तयार करायला लागलेला वेळही वजा होत नाही. "डिक्री ड्रॉ झाली नाही, मग अर्ज करू" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, अर्ज टाकून ठेवा.

शेवटचा दिवस सुट्टीत आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. तो एक दिवस चुकवला, तर मात्र विलंब मूळ तारखेपासून मोजतात, उघडल्याच्या दिवसापासून नव्हे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत हे फार जणांचं होतं.

३. नक्कल आजच मागा

ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करायचा. दावा क्रमांक, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि काय हवं ते स्पष्ट लिहा: "न्यायनिर्णय व हुकूमनामा, दोन्हींची प्रमाणित प्रत". नुसतं "निकालाची कॉपी" लिहिलंत तर एकच कागद हातात येतो आणि दुसऱ्यासाठी पुन्हा रांग.

घटस्फोटाचा हुकूमनामा झाला असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे दोन्ही पक्षकारांना त्याची एक प्रत मोफत मिळते. खिडकीवर हे कुणी आपणहून सांगत नाही. जास्तीच्या प्रतींना शुल्क लागतं.

प्रत हातात आली की घरी न्यायच्या आधी तिथेच शेवटचं पान उलटून बघा. शिक्क्यात तारखा हाताने भरलेल्या असतात: अर्ज केल्याची, तयार झाल्याची, दिल्याची. आकडा पुसट असेल, ३ की ८ कळत नसेल, तर तिथेच नीट करून घ्या. तुमच्या विलंबाचं सगळं गणित या शिक्क्यावर उभं आहे.

ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की निकालाची तारीख दिसते, बऱ्याचदा निकालही वाचता येतो. वकिलाला दाखवायला तो पुरतो. अपिलाला प्रमाणित प्रतच जोडायची.

४. कागदांची पिशवी

• न्यायनिर्णय आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत
• मूळ अर्ज, लेखी कैफियत, पुराव्याची प्रतिज्ञापत्रं आणि उलटतपासणी. आधीच्या वकिलांकडून ही फाइल मागून घ्या, सोबत ना हरकतही
• ओळखपत्र, सध्याच्या पत्त्याचा पुरावा
• नव्या वकिलांना वकीलपत्र
• उशिराच्या काळातले सगळे पुरावे (पुढचा मुद्दा बघा)
• समोरच्याचा सध्याचा पत्ता, पिनकोडसकट

मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं लागतात, कारण उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. पुराव्याची पानं जास्त असतील तर याला वेळ जातो, म्हणून पहिल्या दिवशीच भाषांतराला द्या.

पैशाची अडचण असेल तर दोन गोष्टी. राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महिलांना न्यायशुल्क माफ आहे. आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. अनुसूचित जाती-जमातींतल्या आणि अपंग व्यक्तींनाही हा हक्क आहे. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा, अपिलासाठी उच्च न्यायालयाची स्वतंत्र विधी सेवा समिती आहे. मदतवाहिनी १५१००. मात्र वकील नेमून मिळायला लागणारे दिवसही मोजले जातात, तेव्हा अर्जाची पोच जपून ठेवा.

५. उशिराचं कारण: इथेच सगळं ठरतं

अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि त्याला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. आधार मुदत कायद्याचं कलम ५. त्यातला कळीचा शब्द "पुरेसं कारण".

किती दिवसांचा विलंब माफ होतो, हे सगळे विचारतात. असा आकडा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटलंय की विलंब किती हे महत्त्वाचं नाही, स्पष्टीकरण पटण्याजोगं आहे का हे महत्त्वाचं. त्याआधी १९८७ मध्ये, प्रत्येक दिवसाचा हिशेब द्या ही अट शब्दशः ताणू नये, असंही सांगितलं. पण अलीकडचे आदेश वाचले तर सूर कडक झालाय. निष्काळजी पक्षकाराला दयेपोटी सवलत देणार नाही, असं न्यायालयं स्पष्ट म्हणतात. थोडक्या दिवसांचा विलंब पोकळ कारणामुळे अडकू शकतो आणि लांबचा विलंब भक्कम कागदांवर सुटू शकतो.

टायपिस्टकडे तयार मजकूर असतो. तो साधारण असा: "अर्जदार काही अपरिहार्य घरगुती अडचणींमुळे व तब्येतीच्या कारणामुळे मुदतीत अपील दाखल करू शकली नाही. विलंब हेतुपुरस्सर नाही." यात कळण्यासारखं काहीच नाही. कुणाची तब्येत? कधीपासून कधीपर्यंत? नंतर काय केलं?

आता हे वाचा: "दि. २९ ऑगस्ट रोजी अर्जदाराच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. ते दि. २९ ऑगस्ट ते ७ ऑक्टोबर रुग्णालयात दाखल होते (डिस्चार्ज कार्ड सोबत). घरात दुसरी प्रौढ व्यक्ती नाही. त्यानंतर दि. १५ नोव्हेंबरपर्यंत घरी रोज फिजिओथेरपी चालू होती (पावत्या सोबत). दि. १८ नोव्हेंबर रोजी अर्जदाराने वकिलांची भेट घेतली. दि. २० नोव्हेंबर रोजी आधीच्या वकिलांकडे फाइल मागितली, ती दि. १ डिसेंबरला मिळाली (संदेशांची प्रत सोबत)."

दुसऱ्या मजकुरात रडगाणं नाही. तारीख, घटना, कागद, बस्स. बसून एका कागदावर तीन रकाने आखा आणि निकालाच्या दिवसापासून दाखल करण्याच्या दिवसापर्यंत सगळं भरून काढा. जिथे तिसरा रकाना रिकामा राहील तिथे समोरचा वकील बोट ठेवणार. एखादा आठवडा खरंच रिकामा असेल, नुसतं खचून घरी बसून होता, तर तसंच लिहा. मनाची अवस्था हेही कारण असू शकतं, डॉक्टरांकडे गेला असाल तर त्याचा कागद जोडा. पण भोक बुजवायला मागच्या तारखेचं मेडिकल सर्टिफिकेट आणू नका. हे सर्रास चालतं आणि म्हणूनच त्याकडे सगळ्यात आधी संशयाने बघितलं जातं. प्रतिज्ञापत्र शपथेवर असतं. एक कागद खोटा निघाला की बाकीचे खरेही वाहून जातात.

"आधीच्या वकिलांनी सांगितलंच नाही" हे कारण लोक फार घेतात. कधीकधी ते खरंही असतं. न्यायालय विचारतं, तुम्ही स्वतः चौकशी केली का? तुमचे मेसेज, ईमेल, कॉलची नोंद असेल तर या कारणात जीव येतो. नुसता आरोप असेल तर तो उलटतो, कारण निकालाची तारीख आज कुणालाही मोबाइलवर दिसते.

चुकून दुसऱ्याच न्यायालयात अपील केलं होतं, किंवा पुनर्विलोकनाचा अर्ज (त्याच न्यायालयाला निकाल पुन्हा तपासायला सांगणारा, "रिव्ह्यू") चालू होता, हेही प्रामाणिकपणे घडलं असेल तर चांगलं कारण आहे. खारघर-पनवेलकडच्या मंडळींच्या बाबतीत विशेषतः. तिथला दाखल क्रमांक आणि परत घेतल्याचा आदेश जोडा.

६. दाखल करा आणि ऑब्जेक्शन काढा

मसुदा परिपूर्ण होण्याची वाट बघू नका. मुदत उलटल्यावरचा प्रत्येक दिवस अर्जात वाढतो. कारणं नीट आणि खरी असली की दाखल करा, जादा कागद पुढे अतिरिक्त प्रतिज्ञापत्राने जोडता येतात. अर्जातला दिवसांचा आकडा मात्र दाखल करायच्या दिवशी पुन्हा मोजून टाका, नाहीतर २७ चा २५ पडतो आणि दुरुस्तीची डोकेदुखी लागते.

दाखल झालं की स्टॅम्प नंबर, म्हणजे तात्पुरता क्रमांक, मिळतो. बरेच जण इथे सुटकेचा श्वास सोडतात, आणि हाच फसवा टप्पा. रजिस्ट्री, म्हणजे उच्च न्यायालयाचं कार्यालय, कागद तपासून त्रुटी काढते: पान अस्पष्ट, भाषांतर नाही, अनुक्रमणिका जुळत नाही. यांना "ऑब्जेक्शन" म्हणतात. ती ठरलेल्या वेळेत काढली नाहीत तर प्रकरण फेटाळलं जाऊ शकतं, आणि मग ते पुन्हा चालू करून घ्यायला वेगळा अर्ज, त्यातही विलंब. दर आठवड्याला स्टॅम्प नंबर उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकून स्थिती स्वतः बघा.

स्वतःच उभं राहायचं असेल तर उच्च न्यायालयाचे त्यासाठी वेगळे नियम आहेत, एक समिती आधी कागद बघते. ठाण्याहून किंवा हार्बरने सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. आत जायला ओळखपत्र लागतं.

७. मधल्या काळात काय होतं, हे विसरू नका

अपील दाखल केलं म्हणजे निकाल थांबला, असं होत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. आणि उशिरा आलेल्या अपिलात, विलंबाचा विचार होऊन अपील ऐकायला घ्यायचं ठरल्याशिवाय हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देता येत नाही, असं दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे (आदेश ४१ नियम ३अ). पोटगीचा आदेश असेल तर रक्कम महिन्यागणिक चढत राहते. जमेल तेवढी भरत राहा. थकबाकी ठेवून विलंब माफी मागणाऱ्याकडे न्यायालय कसं बघतं, ते वेगळं सांगायला नको.

घटस्फोटाच्या निकालात आणखी एक जोखीम. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मुदतीत अपील झालं नाही की समोरची व्यक्ती पुन्हा लग्न करू शकते, आणि मुदतीनंतर तुम्ही अपील केलं म्हणून ते लग्न आपोआप बेकायदा ठरत नाही. म्हणून घटस्फोटाविरुद्ध जायचं असेल तर समोरच्याला, त्याच्या वकिलाला, अपील करत असल्याची लेखी सूचना आधीच पाठवून ठेवा. स्पीड पोस्टाची पोच आणि ईमेल, दोन्ही. समोरच्याने कॅव्हेट ("आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका" असा अर्ज) टाकलंय का, हेही वकिलांना बघायला सांगा.

८. सुनावणी आणि नंतर

समोरच्याला नोटीस निघते, तो उत्तर देतो, मग विलंबाच्या अर्जावर सुनावणी. ती बऱ्याचदा काही मिनिटांची असते आणि त्यात मूळ भांडणाला जागा नसते. नवऱ्याने काय केलं, सासूने काय म्हटलं, हे इथे कुणी ऐकत नाही. तारखांचा कागद वकिलांच्या हातात वरच्या पानावर हवा.

विलंब माफ करताना न्यायालय अनेकदा कॉस्ट, म्हणजे खर्चापोटी भरायची रक्कम, लावतं आणि ती भरायला मुदत देतं. ही मुदत चुकली तर माफीचा आदेशच निष्प्रभ होऊ शकतो. आदेश अपलोड झाला की त्याच दिवशी वाचा, कॉस्ट कुणाला द्यायची आहे ते बघा (समोरच्याला की विधी सेवा समितीला, हे आदेशातच असतं), भरा आणि पावती रेकॉर्डवर लावून घ्या. त्यानंतर अपिलाला नियमित क्रमांक पडतो आणि स्थगितीचा अर्ज ऐकायला येतो.

विलंब माफ झाला नाही तर अपीलही तिथेच संपतं. पुढे सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, मुदत ९० दिवस. त्या आदेशाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.